ट्रामवे रोडची विषम बाजू

शहरात ट्राम कुठून जावी हे शास्त्र ठरवतं. तिथे वशिला चालत नाही, भावना चालत नाही, कुणाची ओळखपाळख चालत नाही. वस्ती किती दाट आहे, चढ किती आहे, रस्ता किती रुंद आहे आणि जमिनीखालून कसले पाइप गेले आहेत, या प्रश्नांपुढे मंत्रीसुद्धा हात जोडून उभा राहतो. आमच्या शाळेत नववीच्या मुलांना मी हा धडा मोठ्या गांभीर्याने शिकवत असे. मग आमच्या बोल्स क्लबात ट्रामची जनसुनावणी झाली, आणि त्यानंतरच्या सत्रात मी तो धडा गाळला. मुलांना वयाच्या आधी विनोदी वाङ्मय देऊ नये.

आमचं कूपर्स फ्लॅट हे पोर्ट हॅलम शहराचं जुनं कामगार उपनगर. तांबं वितळवायचा कारखाना बंद पडून पुष्कळ वर्षं झाली. त्याची चिमणी तेवढी ऐतिहासिक वारसा म्हणून उभी ठेवली आहे. तिच्याखाली काम करणारी माणसं वारशात बसली नाहीत. उपनगराच्या मधोमध ट्रामवे रोड. रस्ता इतका रुंद की पलीकडच्याशी भांडायचं तर घसा फाडावा लागतो, म्हणून आमच्याकडे भांडणं कमी. ही रुंदी आली ती जुन्या ट्राममुळे. आमच्या आजोबांच्या काळात रस्त्याच्या मधून ट्राम धावायची. पुढे पेट्रोल स्वस्त झालं, तेव्हाच्या शहाण्यांनी ट्रामचे डबे समुद्रकिनाऱ्यावर नेऊन जाळले आणि रूळ उपटण्याचा खर्च वाचवायला वरून डांबर ओतलं. दर उन्हाळ्यात डांबर तापतं आणि बरोबर रुळांच्या रेषेवर दोन समांतर भेगा पडतात. रूळ मेले खरे, पण नीट पुरलेले नाहीत.

या रस्त्याच्या एका टोकाला शहराचं मुख्य स्टेशन आणि दुसऱ्या टोकाला, टेकडीवर, जनरल हॉस्पिटल. डोळे मिटून नकाशावर बोट ठेवलं तरी ट्रामचा मार्ग सापडावा, अशी ही जागा. पण नकाशावर बोट ठेवणाऱ्यांचे डोळे उघडे होते, हीच अडचण झाली.

आता नोरीनचं सांगतो, कारण ट्राम खरी तिला हवी होती. आम्हा बाकीच्यांना ती नुसती आवडली असती.

नोरीन टली एकतीस नंबरच्या घरात राहते. सत्तरी ओलांडली आहे, डोळे अधू झाले आहेत, त्यामुळे गाडीचा परवाना गेला. तिचा नवरा क्लेम पूर्वी भट्टीवर कामाला होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा त्याला टेकडीवरच्या हॉस्पिटलात डायलिसिसला जावं लागतं. बसने जायचं तर दोन बस, आणि त्या दोन बस काडीमोड झालेल्या जोडप्यासारख्या एकमेकींना टाळतात. जाताना क्लेम कसाबसा जातो. येताना तो पिळलेल्या फडक्यासारखा झालेला असतो. त्याला बसथांब्यावर उभं करणं म्हणजे पाप.

म्हणून समोरच्या चव्वेचाळीस नंबरचा थानासी कोंटोस त्याला आपल्या मासळीच्या व्हॅनमधून नेतो-आणतो. थानासीचं तळलेल्या मासळीचं दुकान आहे. व्हॅनचं क्लेमच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. हॉस्पिटलच्या पायरीशी थानासी उतरतो, वळसा घालून येतो, दार उघडतो, आणि क्लेम एखाद्या सरदारासारखा खाली उतरतो. मासळीचा वास आला की नर्सबाया म्हणतात, "आला गं क्लेम," आणि मग मान वर करून बघतात.

पण थानासीचे गुडघे गेले होते. दुकान विकून तो मुलीकडे, दुसऱ्या शहरात राहायला जाणार होता. दुकान जाणार म्हणजे व्हॅन जाणार. नोरीन हे कुणाला बोलून दाखवत नसे. ती फक्त ट्रामच्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसत असे.

*

तर जनसुनावणी. बोल्स क्लब म्हणजे जिथे आमचे म्हातारे हिरवळीवर गोळे घरंगळवतात आणि एकमेकांच्या कंबरदुखीची चौकशी करतात, ती जागा. भिंतीवर शहराचा भलामोठा नकाशा लावला होता. सुरुवातीला रीतीप्रमाणे या भूमीच्या मूळ मालकांना, म्हणजे गोरे येण्याआधीच्या आदिवासींना, अभिवादन झालं. त्यांना अभिवादन करायची रीत आमच्याकडे आता चांगली रुळली आहे. विचारायची अजून पडलेली नाही.

नकाशावर दोन रेघा होत्या. लाल रेघ ट्रामवे रोडवरून सरळ हॉस्पिटलला जात होती. निळी रेघ शहरातून निघून, दलदलीला वळसा घालून, गोल्फच्या मैदानामागून सीब्राइटला जात होती. सीब्राइट म्हणजे नव्या काचेच्या इमारती आणि खाजगी होड्यांचा धक्का. प्रत्येकाला हिरवे-तांबडे गोल ठिपके दिले होते. आवडेल तिथे हिरवा चिकटवायचा, नावडेल तिथे तांबडा. आम्ही लाल रेघेवर इतके हिरवे ठिपके चिकटवले की ट्रामवे रोड गोवर झाल्यासारखा दिसू लागला.

समजावून सांगायला नियोजन खात्याचा इंजिनीयर आला होता, फर्गस लिडगार्ड. उंच, वाकलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की याला कुणीतरी दुसऱ्याच्या लग्नात नवरदेव म्हणून उभं केलं आहे.

त्याने चांगलं सांगितलं, खोटं कशाला बोलू. ट्रामला दोन्ही टोकांना गर्दी खेचणारं काहीतरी लागतं, नाहीतर ती एका बाजूला भरून जाते आणि दुसऱ्या बाजूला रिकामी येते. वळणं कमी हवीत, कारण वळणावर चाकं किंचाळतात आणि मग रहिवासी किंचाळतात. थांब्यापासून लोकांना चालत येता आलं पाहिजे. रस्त्याखाली गटारं आणि गॅसचे पाइप कमी हवेत. ते हलवण्यातच निम्मा पैसा जातो.

"आमच्या रस्त्याखाली काय आहे?" नोरीनने विचारलं.

"तुमच्या रस्त्याखाली," लिडगार्ड म्हणाला, "रूळ आहेत."

सगळे हसले. तो हसला नाही.

"म्हणजे पाइप आमच्याकडे कमी," थानासी बोटांवर मोजत म्हणाला. "रस्ता रुंद. वळण नाही. खाली स्टेशन, वर हॉस्पिटल. वस्ती दाट. मग सगळ्यात आम्हीच पहिले की!"

"सगळ्यात तुम्हीच पहिले."

"मग लाल रेघ पक्की."

"नाही. निळी पक्की."

सभागृहात कुणाचातरी चहाचा कप बशीवर आपटला.

"आणखी एक निकष आहे," लिडगार्ड जमिनीकडे बघत म्हणाला. "धोरणात्मक सुसंगती."

"ती कशी मोजतात?"

"मोजत नाहीत. ती वरून मोजून येते."

"आणि तिला गुण किती?"

"बाकी सगळ्या निकषांना मिळून जेवढे, तेवढे. आणि वर थोडे."

मला इथे रागाची एक तिडीक आली ती अजून गेलेली नाही. सीब्राइटच्या लोकांनी ट्राम मागितली असती तरी एक वेळ मी समजू शकलो असतो. त्यांना ती नको होती! त्यांच्या हिरवळींवर पाट्या होत्या: "आमचा समुद्र, आमची शांतता". प्रत्येक घरापुढे दोन गाड्या आणि एक होडी. ट्रामच्या तारांमुळे सूर्यास्ताचे तुकडे होतील, असं त्यांनी सरकारला कळवलं होतं. ज्याला भूक आहे त्याच्या पानात काही नाही, आणि ज्याने तोंड फिरवलं आहे त्याला नाक दाबून भरवताहेत.

सभा संपल्यावर बाहेर सॉसेज भाजत होते. पावाच्या एका कापात सॉसेज, वर कांदा. आमच्याकडे लोकांचं म्हणणं ऐकून झालं की त्यांना हे देतात. लिडगार्ड एका कोपऱ्यात उभा राहून खात होता. नोरीनने त्याला गाठलं. थानासी आणि मी तिच्या मागे.

"हे बघ पोरा," नोरीन म्हणाली, "तू प्रामाणिक दिसतोस. तुझं खाणंही आनंदाने चाललेलं नाही. खरं काय ते सांग."

लिडगार्डने इकडेतिकडे पाहिलं. "तुमचा आमदार कोण?"

"लेस्टर प्राउझ. तोच तर वाहतूकमंत्री आहे!"

"हं. आणि तो किती मतांनी निवडून येतो?"

"लेस्टर?" थानासी हसला. "अरे बाबा, इथे आमच्या पक्षाने दगड उभा केला तरी निवडून येईल. लेस्टर म्हणजे जवळजवळ तोच."

"आणि सीब्राइटला?"

थानासीने खांदे उडवले.

"सीब्राइटला तुमचा पक्ष मागच्या खेपेला इतक्या थोड्या मतांनी निवडून आला," लिडगार्ड म्हणाला, "की विरोधकांची तेवढी माणसं त्या दिवशी मासे धरायला गेली असतील." त्याने कांद्याची एक पाकळी बोटाने आत सारली. "ट्रामला चढ झेपतो, वळण झेपतं. निष्ठा झेपत नाही. जिथे मत हलतं तिथे रेघ वळते. आणि मी यातलं काहीच बोललेलो नाही."

"तू तर खात होतास," नोरीन म्हणाली.

*

आमच्या भागात पक्ष म्हणजे पक्ष नव्हे. ते कुळाचार आहे. नोरीनच्या बापाने संपाच्या वर्षी पक्षाचा झेंडा धरून पोलिसांचा मार खाल्ला होता. त्याच्या कपाळावरची खोक फोटोतसुद्धा दिसते. तो फोटो तिच्या स्वयंपाकघरात आहे. पक्षाने कारखाना बंद होऊ दिला, आम्ही मत दिलं. पक्षाने शाळेचा पोहण्याचा तलाव भरून टाकला, आम्ही मत दिलं. पक्षाने लेस्टर दिला, तरीही दिलं.

त्यामुळे त्या आठवड्यात थानासीच्या दुकानात नोरीन जे बोलली, ते ऐकून तेलातला मासासुद्धा तडतडायचा थांबला असावा.

"या निवडणुकीत आपण हलायचं," ती म्हणाली.

"म्हणजे त्या दुसऱ्यांना मत?" पस्तीस नंबरचा वॉली गॅरिटी म्हणाला. वॉली युनियनचा जुना सचिव. "नोरीन, तुझा बाप—"

"माझ्या बापाला डायलिसिस नव्हतं."

"मी म्हणतो सगळ्यांनीच द्या," थानासी झारा हलवत म्हणाला. "लेस्टरला चांगला तळून काढा."

"तसं नाही," नोरीन म्हणाली. "त्याला पाडलं तर तो दुसरा गठ्ठ्याने येईल, मग तोही आपल्याला गृहीत धरेल. आपल्याला पडायचं नाही. नुसतं डुगडुगायचं. निम्म्यांनी इकडे, निम्म्यांनी तिकडे."

"कुणी कुठे ते कोण ठरवणार?"

यावर बराच गोंधळ झाला. तोडगाही नोरीननेच काढला. आमच्या प्रत्येक रस्त्याला एका बाजूला सम आकड्यांची घरं आणि समोर विषम. विषम बाजूने दुसऱ्या पक्षाला द्यायचं, सम बाजूने नेहमीप्रमाणे आपल्याला. बोल्स क्लबातून, चर्चमधून, शाळेच्या फाटकावरून ही गोष्ट आठवडाभरात अख्ख्या कूपर्स फ्लॅटमध्ये पसरली. सम बाजूच्या लोकांचे चेहरे शिक्षा टळलेल्या पोरांसारखे झाले. मी अडतीस नंबरचा; माझ्याकडे फक्त एकनिष्ठ राहण्याची कामगिरी आली, आणि तिची मला सवय होती.

"आणि मी का सम?" थानासी कुरकुरला. "मला इतकी हौस आहे त्याला पाडायची!"

"तुझं घर उचलून इकडे ठेव," वॉली म्हणाला. "मी जातो तुझ्या जागी. माझी बायको तुझ्या दुकानात बसेल."

"नाही रे बाबा. तुझी बायको मासे मोजूनसुद्धा देणार नाही, तोलूनसुद्धा देणार नाही."

"शिस्त," नोरीन म्हणाली. विषय संपला.

*

पुढचे काही आठवडे आमच्या आयुष्यातले फार सुखाचे. मतांचा अंदाज घेणारे लोक फोन करू लागले. फोनवर बंड करायला काय जातं? विषम बाजू तर बोललीच, पण सम बाजूनेही हात धुऊन घेतले. विषम बाजूच्या वॉलीने फोनवरच्या मुलीला सांगितलं की लेस्टरला मत देण्यापेक्षा तो समुद्रावरच्या सीगल पक्ष्याला देईल, तो निदान समोरून घाण करतो. पेपरात मथळा आला: "कूपर्स फ्लॅट डळमळीत". आमच्या आयुष्यात आम्ही पहिल्यांदाच डळमळीत झालो होतो. लोक तो पेपर विकत घेऊन ठेवत होते.

आणि लेस्टर आला.

पूर्वी तो दर निवडणुकीला एकदा यायचा, चिमणीपाशी फोटो काढायचा आणि जायचा. या वेळी तो नारिंगी जाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून ट्रामवे रोडवर पायी फिरला. कुठलंही काम चालू नव्हतं. डोक्यावर काय पडणार होतं देव जाणे. बरोबर फोटोवाले. तो एकतीस नंबरच्या फाटकाशी आला आणि नोरीनने त्याला, आमच्याकडची पद्धत आहे तशी, चहाला आत बोलावलं. माणूस चोर असला तरी दारात आला की चहा.

तेवढ्यात थानासीची व्हॅन हॉस्पिटलहून आली. थानासी उतरला, पण त्याचा गुडघा अडकला. तो बोनेटला धरून उभा राहिला. आत क्लेम, दार उघडेना. क्लेमने काचेवर बोटांनी टकटक केलं. लेस्टरने पाहिलं, धावत गेला, दार उघडलं आणि क्लेमला काखेत हात घालून खाली उतरवलं. फोटोवाल्यांना काही सांगावं लागलं नाही.

"काय रे क्लेम, बरा आहेस ना?" लेस्टर म्हणाला.

"बरा असतो तर मासळीतून आलो असतो का?" क्लेम म्हणाला.

"पुढच्या खेपेला तू ट्राममधून उतरशील. माझा शब्द."

मला सांगायला हरकत नाही की त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मासळीचा वास हेही कारण असू शकेल. पण नोरीनने ते पाणी पाहिलं, आणि तिचे डोळे अधू असले तरी असल्या गोष्टी तिला नको इतक्या स्पष्ट दिसतात. लेस्टरने तिच्या हातचे, ओव्हनमध्ये भाजलेले तीन गोडसर स्कोन खाल्ले. बापाच्या फोटोपुढे उभा राहिला. खोकेची चौकशी केली.

चार दिवसांनी नवा नकाशा आला. ट्रामवे रोडवर जाडजूड लाल रेघ, खाली शब्द: "पसंतीचा मार्ग". धोरणात्मक सुसंगती एका रात्रीत टेकडी चढून हॉस्पिटलपर्यंत पोचली होती. बोल्स क्लबात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कुणीतरी रस्त्यावरच्या भेगांमध्ये प्लास्टिकची फुलं खोचली.

"अजून मत द्यायचं आहे," मी म्हणालो. "नकाशा म्हणजे रूळ नव्हे. ठरल्याप्रमाणे करा."

"मास्तर, तुला सुखात बघवतच नाही कुणी," वॉली म्हणाला.

*

मतदान आमच्या शाळेत. एका टेबलावर केक, बाहेर सॉसेजचा धूर, फाटकाशी दोन्ही पक्षांची माणसं चिठ्ठ्या वाटताना एकमेकांना उन्हाची टोपी उसनी देताहेत. आमच्याकडे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत. उमेदवारांपुढे पेन्सिलीने क्रम लिहायचा असतो. एक, दोन, तीन. विषम बाजूचे लोक त्या दिवशी एकेकटे आले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. बाहेर आले ते कुणाच्या डोळ्याला डोळा न देता थेट केकच्या टेबलाकडे गेले. मला वाटलं, बंड केल्यावर माणसाला गोड खावंसं वाटत असेल.

संध्याकाळी क्लबात टीव्हीपुढे सगळे जमलो. कूपर्स फ्लॅटचा निकाल लवकर लागला. टीव्हीवरच्या बाईने तो दोनदा वाचला, कारण तिचाही विश्वास बसला नाही. संपूर्ण राज्यातलं सर्वांत मोठं मताधिक्य लेस्टर प्राउझचं. इतकं मताधिक्य त्याला यापूर्वी कधीच मिळालं नव्हतं. त्याच्या बापाच्या वेळच्या उमेदवारालाही नाही.

सीब्राइटला आमचाच पक्ष पुन्हा थोडक्यात वाचला. केसाच्या अंतराने.

मग पडद्यावर लेस्टर आला. गळ्यात माळ नव्हती एवढंच. "कूपर्स फ्लॅटचं प्रेम," तो म्हणाला, "हे कसल्याही देण्याघेण्याच्या पलीकडचं आहे. त्यांना माझ्याकडून कशाची अपेक्षा नसते."

"वॉली," थानासी हळूच म्हणाला, "तू पस्तीस नंबर ना?"

"मला वाटलं सदतीसवाले देतील," वॉली म्हणाला. "एक माझं मत इकडे राहिलं तर काय आभाळ कोसळतंय?"

"आम्हाला वाटलं तू देशील," सदतीसवाले म्हणाले. "तू सचिव!"

"आणि त्याने ट्राम दिली होती की," कुणीतरी म्हणालं. "दिल्यावर वर लाथ मारायची म्हणजे..."

"दिली? कुठे दिली? रेघ दिली रे, रेघ!" थानासी ओरडला. तो सगळ्यांकडे वळला. "मला सांगा, या अख्ख्या उपनगरात त्याच्याविरुद्ध मत कुणी दिलं? मी दिलं! मी! आणि मी सम बाजूचा आहे!"

"म्हणजे तू शिस्त मोडलीस," वॉली म्हणाला, आणि थानासीला धरायला आम्हाला तिघे लागले.

नोरीन कोपऱ्यात बसली होती. मी तिच्याजवळ गेलो.

"मी दुसऱ्याच्या नावापुढे पेन्सिल टेकवली होती," ती म्हणाली. "खरंच टेकवली. पण त्याने क्लेमचं दार उघडलं ना रे. माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायला. ज्याला चहा दिला त्याच्यापुढे 'दोन' कसं लिहायचं?"

माझ्याकडे फक्त संताप होता, आणि तो कुणावर काढावा हे मला अजून नक्की ठरवता येत नाही. एका बाजूला एक माणूस मोटारीचं दार उघडतो आणि त्या बळावर अख्खं उपनगर घेऊन जातो. दुसऱ्या बाजूला हे भले लोक; त्यांच्या भलेपणाला दोन पाय असते तर मी त्याला शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आम्ही हात दाखवला, आणि तो जोडलेला निघाला.

*

महिन्याभरात लिडगार्ड तिसरा नकाशा घेऊन आला. रेघ निळी. सभा नव्हती, ठिपके नव्हते, सॉसेज नव्हतं. त्याने नकाशा क्लबाच्या सूचनाफलकावर टाचणीने लावला आणि टाचणीकडेच बघत राहिला.

"पुन्हा वरून मोजून आली का सुसंगती?" मी विचारलं.

"तुम्ही मला खोटं पाडलंत," तो म्हणाला. आवाजात राग होता, आणि मला तो आवडला. "मी वरच्यांना लेखी दिलं होतं, कूपर्स फ्लॅट हलतंय. आता ते विचारतात, कुठे हलतंय?"

नोरीन एकटीच लेस्टरच्या कचेरीत गेली. परत येऊन तिने जे सांगितलं ते मी तसंच लिहितो.

"लेस्टर म्हणाला, 'नोरीन, मी मंत्री, आणि माझ्याच मतदारसंघात ट्राम नेली तर लोक म्हणतील पक्षपात केला. तुला चालेल का ते?' मी म्हटलं, 'चालेल.' तो म्हणाला, 'मला नाही चालणार.' आणि मग उभा राहिला. मला वाटलं हात धरून दारापर्यंत सोडतोय. तर त्याने मला हे लावलं."

तिच्या कोटावर एक बिल्ला होता. पक्षाशी पन्नास वर्षांच्या निष्ठेबद्दल.

"काढून फेकून दे," थानासी म्हणाला.

"टोचेल कुणाला," ती म्हणाली, आणि बिल्ला बापाच्या फोटोखाली ठेवून दिला. फोटो मात्र तिने त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून टांगला आहे. बापावर राग म्हणून, की बापाला बघायला लागू नये म्हणून, हे मी विचारलेलं नाही.

सीब्राइटची ट्राम सुरू झाली आहे. तिथल्या लोकांनी वळणावरच्या किंचाळण्याबद्दल तक्रार केली, म्हणून ती आता वळणावर पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते. मी एकदा तिच्यातून जाऊन आलो. डब्यात मी होतो, चालक होता, आणि चुकून चढलेला एक पर्यटक होता. त्याला हॉस्पिटल बघायचं नव्हतं, त्यामुळे त्याची काही गैरसोय झाली नाही.

आमच्या ट्रामवे रोडवर पालिकेची माणसं येऊन गेली. त्यांनी भेगांमधली प्लास्टिकची फुलं उपटली आणि भेगांत डांबर ओतलं.

थानासीने दुकान विकायला काढलेली पाटी उतरवली. पुढच्या वर्षी बघू म्हणतो. क्लेम आठवड्यातून तीनदा मासळीच्या व्हॅनमधून जातो. व्हॅनचं दार अजून आतून उघडत नाही.